गोऱ्यांशी बरोबरीने वागलेल्या पंडिता रमाबाई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे पहिल्याच बैठकीत वाटली गेली. पंडिता रमाबाईंचे नाव मात्र कोणी घेतले नाही. त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून असेल. ते मी मागून घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकविले, म्हणून लोकांचा रोष झाला. पुढे आईने रमेला शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडे. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेली. रमा व तिचा भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते. दोनच वर्षांत पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा ही लहानगी. त्या पुण्यास आल्या, १८८२ साली आर्य महिला समाज काढला आणि दुसऱ्या वर्षी डॉक्टरकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येई, म्हणून तो बेत राहिला.

तिथे वाँटेज गावी मठातील भगिनींकडे त्या राहत. वाट चुकलेल्या बायकांना या भगिनी जवळ करतात, त्यांची सेवा करतात, हे त्यांनी लंडनला डोळ्यांनी पाहिले. येशूने परजातीच्या शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलणे केले, ही गोष्ट त्यांच्या मनात बसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे मोठा गहजब झाला.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे इंग्रजांच्या ओंजळीने पाणी प्यायचे, असे त्यांना मान्य नव्हते. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवीतही होत्या. १८८५ साली तरुण पुरुषांनाही त्यांनी शिकवावे असे निघाले. वाँटेजच्या भगिनींनी हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांचा सल्ला घेतला. बिशपांनी मोडता घातला. हिंदी बाईने पुरुषांना शिकविणे बरे नव्हे, तिच्या देशातले लोक काय म्हणतील, अशी त्यांची सबब. रमाबाईंना फार लागले. ज्या देशाचे नाव पुढे करून त्यांना अडविले जात होते, त्याच देशात त्यांनी पुरुषांच्या भरल्या सभांत व्याख्याने दिली होती! आपली बुद्धी आपली आहे, ती देवाखेरीज कोणाकडे गहाण टाकणार नाही, अशा अर्थाची पत्रे त्यांनी लिहिली. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असाही प्रश्न त्यांनी केला. मांसमच्छी त्यांनी घेतली नाही, अंडे घातलेला गोड पदार्थसुद्धा नाही. भगिनींना हा ब्राह्मणीचा ताठा वाटला.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. भगिनींचे म्हणणे अगदीच खोटे होते का? माझ्या माहेरी ओसरीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. कापूस वेचायला येणाऱ्या बाईला चहा त्यातच मिळे आणि ती तो स्वतः विसळून ठेवी. तो कप भरून देणारी मीच होते. गोऱ्यांनी आपल्याला खालचे समजले तर अंगाचा तिळपापड होतो, पण कोनाड्यातला कप आपल्याला दिसत नाही.

रमाबाईंना तो हळूहळू दिसू लागला असे त्यांच्या चरित्रावरून वाटते. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीसमारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तिथली गुलामगिरी १८६५ सालीच उठली होती, तरी काळ्या लोकांना दूर ठेवणे चालूच होते. या प्रवासावरचे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ साली निघाले. त्यात अमेरिकेची वाहवा आहे, पण कातडीच्या रंगावरून माणूस हलका ठरविण्याची निंदाही आहे, आणि आपल्या जातिभेदाशी त्याची तुलनाही.

त्याच वर्षी मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास नेले. त्यात ब्राह्मण विधवांना आपले सोवळेओवळे पाळण्याची मोकळीक होती. पुढे मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात म्हणून मोठा वाद झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपली लेक असती तर आपणही नेली असती.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. लहानपणी स्वतः भोगलेली भूक त्यांना आठवली असणारच. शेकडो अनाथ मुली त्यांनी पुण्याकडे नेल्या, नेताना जात पाहिली नाही. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीला जेवू लागल्या. विणकाम, तेलघाणा, छापखाना, आंधळ्यांची शाळा, सगळे तिथे होते.

त्याच १८९७ साली पुण्यास प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी दैना होई, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड लिहिले. सदनातल्या एका मुलीचे तिथे वाईट झाले होते. प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटात गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप खोटे ठरविले, पण रमाबाईंनी आपले म्हणणे सोडले नाही. एका ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती सरकारला असे बोलावे, हे त्या काळी थोडे नव्हते.

केडगावला मिनी अब्राम्ससारख्या अमेरिकन बाया येऊन राहिल्या. ऑस्ट्रेलियाहून आल्या, इंग्लंडहून आल्या. कारभार मात्र पांढरे सुती लुगडे नेसणाऱ्या रमाबाईंचा, आणि या गोऱ्या बाया त्यांच्या हाताखाली काम करीत.

शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालविली. बायाबापड्यांना कळावे हा हेतू. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. ते बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून निघाले. त्याचे खिळे जुळविले होते मुक्तीच्या मुलींनी.