बंद सभागृहाचे विश्वस्त : कै. दादासाहेब मावळंकर

देवस्थानाच्या किल्ल्या ज्यांच्या स्वाधीन असतात ते देवस्थानाचे धनी नसतात, विश्वस्त असतात. उत्सवाच्या गजबजाटात ही गोष्ट सहज पटते. तिची कसोटी लागते ती दरवाजे बंद असताना. लोकसभेचे पहिले सभापती कै. गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचे दिल्लीतील कर्तृत्व सर्वांना ठाऊक आहे. परंतु महायुद्धाच्या काळात ज्या सभागृहाचे ते सभापती होते ते सहा वर्षांहून अधिक काळ भरलेच नव्हते, हे फारसे कोणाच्या स्मरणात नसते. त्यांच्या चरित्राचे मर्म मात्र त्या रिकाम्या वर्षांतच सापडते.

मावळंकरांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याच्या मावळंगे गावचे. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. राजापूर आदी ठिकाणी प्राथमिक शिक्षण झाल्यावर १९०२ मध्ये ते अहमदाबादेस आले आणि तेथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये पदवी घेऊन, पुढे कायद्याची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण होऊन त्यांनी १९१३ मध्ये वकिलीस आरंभ केला. घरी मराठी आणि लोकव्यवहारात गुजराती, अशा दोन्ही भाषांत त्यांचे आयुष्य सारख्याच सहजतेने वाहिले. महात्मा गांधी आणि वल्लभभाई पटेल यांच्या सहवासात ते सार्वजनिक कार्यात ओढले गेले. १९१८ चा खेडा सत्याग्रह, १९२१ चे अहमदाबादचे काँग्रेस अधिवेशन आणि १९१९ पासून जवळजवळ अठरा वर्षे केलेली नगरपालिकेची सेवा यांतून त्यांची घडण झाली. नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

१९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांताची नवी विधानसभा निवडली गेली आणि जुलै १९३७ मध्ये तिच्या सभापतिपदी दादासाहेबांची निवड झाली. ही सभा म्हणजे प्रांताचे लहानसे प्रतिबिंबच होते. एकूण १७५ जागांपैकी १५ अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव होत्या. मुसलमानांच्या २९, स्त्रियांच्या ६, कामगारांच्या ७ व व्यापाऱ्यांच्या ७ अशा वेगळ्या जागा होत्या. शिवाय युरोपियन, ख्रिस्ती, जमीनदार व विद्यापीठ यांचेही प्रतिनिधी होते. गुजराती, मराठी आणि कानडी मुलखांतील माणसे एका छपराखाली बसत. एका बाजूस बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ, तर समोर सर अली महंमद खान देहलवी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि जमनादास मेहता यांच्यासारखे कसलेले सभासद होते. अशा सभेचा तोल राखणे हे सोपे काम नव्हते.

इंग्लंडमध्ये सभापती निवडून आला की पक्षाचे नाते तोडतो. स्वातंत्र्याचा लढा चालू असलेल्या देशात ही रीत जशीच्या तशी पाळता येणार नाही, असे दादासाहेबांचे मत होते. म्हणून त्यांनी काँग्रेस सोडली नाही. मात्र सभागृहापुढे येणाऱ्या वादांपासून स्वतःला दूर ठेवले. आसनावर बसलेला माणूस सर्वांचा, आसनाखाली उतरलेला माणूस देशाच्या लढ्याचा, अशी ही दुहेरी निष्ठा होती. ती निभते की नाही याची परीक्षा लवकरच यावयाची होती.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्यासाठी ना केंद्रीय विधिमंडळास विचारले गेले, ना प्रांतांना. ऑक्टोबरच्या अखेरीस हा प्रश्न मुंबईच्या विधानसभेत आला. लोकांच्या संमतीवाचून देशाला युद्धात ओढल्याबद्दल नापसंती दर्शविणारा ठराव मुख्यमंत्री खेर यांनी मांडला, त्यावर डॉ. आंबेडकरांनीही आपली स्वतंत्र भूमिका मांडली. पाठोपाठ मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये गव्हर्नरने कायद्याच्या ९३ व्या कलमाखाली प्रांताचा कारभार स्वतःकडे घेतला.

येथून एक विलक्षण अवस्था सुरू झाली. विधानसभा बरखास्त झाली नव्हती, पण तिची बैठकही होत नव्हती. सभासद सभासदच राहिले, पण त्यांना प्रश्न विचारण्यास जागा नव्हती. अंदाजपत्रक मतास येत नव्हते; कायदे गव्हर्नरच्या सहीने होत होते. पाच वर्षांची मुदत १९४२ मध्ये संपावयाची, परंतु ब्रिटिश पार्लमेंटने १९४१ मध्ये कायदा करून युद्धकाळात निवडणुका लांबणीवर टाकल्या. म्हणजे लोकांनी निवडलेल्यांना बोलता येईना आणि लोकांना नव्याने निवडताही येईना. दादासाहेब नावाने सभापती होते; ज्या सभेचे पती म्हणावयाचे ती सभाच मुकी होती.

त्या काळात काँग्रेसच्या अनेक सभासदांचे वास्तव्य विधानसभेऐवजी तुरुंगात होते. १९४२ च्या आंदोलनात दादासाहेबही बंदिवासात गेले. एका विधिमंडळाचा सभापती कैदी व्हावा, याहून त्या राज्यपद्धतीवर बोलकी टीका दुसरी कोणती? पण त्यांनी कटुतेला थारा दिला नाही. वकील म्हणून आरोपी त्यांनी न्यायालयात पुष्कळ पाहिले होते. आता शिक्षा भोगणाऱ्या माणसांशेजारी बसून त्यांच्या कहाण्या ऐकल्या, त्यांना धीर दिला. त्या अनुभवांतून ‘मानवतानां झरणां’ हे त्यांचे गुजराती पुस्तक जन्मास आले. सभागृह बंद होते, तरी दुसऱ्याचे शांतपणे ऐकून घेण्याचा सभापतीचा धर्म त्यांनी तुरुंगातही सोडला नव्हता.

युद्ध संपले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले आणि सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ६६ विरुद्ध ६३, म्हणजे अवघ्या तीन मतांनी निवडून आले. स्वातंत्र्यानंतर नोव्हेंबर १९४७ मध्ये घटना समितीच्या कायदेकारी सभेचे आणि १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेचे सभापतिपद त्यांच्याकडे आले. अंदाज समिती, सरकारने दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती, दुय्यम कायद्यांची छाननी करणारी समिती या सर्व त्यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिल्या. सरकारला सभागृहापुढे जाब देण्यास लावणे हेच त्या साऱ्यांचे सूत्र होते.

स्वतःच्या पक्षाचे सरकार आले म्हणूनही त्यांनी हे सूत्र सैल केले नाही. वटहुकूम काढण्याच्या वाढत्या प्रवृत्तीबद्दल १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये त्यांनी सरकारला लेखी हरकत कळविली. केवळ सोयीसाठी वटहुकूम काढू नये, अत्यंत निकडीची वेळ असेल तरच काढावा, हा त्यांचा आग्रह होता. सभागृहावाचून कायदे कसे होतात हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले होते, त्याच्या लेखणीतून हा इशारा यावा यात नवल नाही. विरोधी पक्षांना मात्र ते नेहमीच नि:पक्षपाती वाटले असे नाही. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला व फेटाळला गेला. पक्ष न सोडता आसन सांभाळण्याच्या निर्णयाची ही किंमत होती आणि ती त्यांनी चुकविली.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, लोकसभेच्या सभापतिपदावर असतानाच, अहमदाबाद येथे त्यांचे देहावसान झाले.

संस्था माणसांनी उभ्या राहतात, पण टिकतात त्या माणसांनी स्वतःला संस्थेहून लहान मानल्यामुळे. कोकणातील मूळ गाव, बडोद्याची जन्मभूमी आणि अहमदाबादची कर्मभूमी यांना जोडणाऱ्या या पुरुषाने आधी बंद सभागृहाचा मान राखला आणि मग उघड्या सभागृहाचा. विश्वस्त म्हणून कोणत्याही पदावर बसणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या स्मृतीस वंदन करावे, इतका हा वारसा मोलाचा आहे.