राजाचा माळी : ला कँतिनी

(द्वितीय वर्ष कला)

माझे वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीला जातात. तू शिक, म्हणजे तुला हाती कात्री धरावी लागणार नाही, असे ते मला नेहमी सांगतात. परंतु वकिलीचे शिक्षण घेऊनही आपण होऊन झाडांकडे वळलेला एक विद्वान तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचे नाव ज्यां बाप्तिस्त द ला कँतिनी.

त्यांचा जन्म १६२६ साली शाबाने या गावी झाला. प्वातिए येथे कायद्याचा अभ्यास करून ते पॅरिसच्या न्यायालयात वकील झाले. पुढे ताँबोनो नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाचे शिक्षक म्हणून ते इटलीला गेले आणि तेथील बागा पाहून त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. परतल्यावर ताँबोनो यांनी आपली बाग त्यांच्या स्वाधीन केली. तीच त्यांची प्रयोगशाळा ठरली.

वकील जसा साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, तशी ला कँतिनींनी झाडांची घेतली. लावलेली रोपे काही दिवसांनी उपटून ते मुळे तपासत. नव्या जागी झाड जुन्या बारीक मुळ्यांवर नव्हे, तर नव्याने फुटणाऱ्या मुळांवर जगते, हे त्यांना त्यातून उमगले. जोमदार, सरळ वाढणारी फांदी लाकूडच वाढवते. फळ बहुधा आखूड, दुबळ्या काडीवर धरते, हेही त्यांनी ताडले. म्हणून कापण्यापूर्वी प्रत्येक फांदीचे काम ओळखावे, अशी त्यांची शिकवण होती. चंद्राच्या कला पाहून छाटणी करण्याची तेव्हा रूढी होती. अनेक वर्षे पडताळा घेऊन त्यांनी ती निराधार ठरवली.

१६७० मध्ये चौदाव्या लुईने त्यांना राजघराण्याच्या फळबागा व भाजीबागांचे प्रमुख नेमले. १६७८ ते १६८३ या काळात त्यांनी व्हर्साय येथे राजाची नवी बाग उभारली. जागा मिळाली ती दुर्गंधी दलदलीची! पाण्याचा निचरा करून, बाहेरून माती आणून सुमारे ९ हेक्टरांवर ही बाग फुलली. उंच भिंतींनी तिचे लहान लहान भाग पाडले होते. भिंतींच्या उबेला फळझाडांच्या फांद्या पसरून बांधल्या जात. घोड्याच्या लिदीची ऊब व काचेची झाकणे यांच्या साहाय्याने जानेवारीत सॅलडची पाने आणि मार्चअखेर स्ट्रॉबेरी राजाच्या ताटात येई. १६८७ मध्ये राजाने त्यांना सरदारकी दिली. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. त्यांचा ग्रंथ १६९० मध्ये त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केला. व्हर्सायची ती बाग आजही फळे देते.

या ग्रंथातील एक गोष्ट मला फार भावली. ज्याच्या अंगणात नाशपातीच्या एकाच झाडाला जागा आहे, त्याने कोणती जात निवडावी, याचाही राजाच्या या माळ्याने मनापासून विचार केला आहे. शेकडो झाडांचा धनी असूनही एका झाडाच्या मालकाला ते विसरले नाहीत.

हे चरित्र वाचल्यावर ऑक्टोबरच्या छाटणीला मी वडिलांबरोबर बागेत गेलो. ही काडी का ठेवली, ती किती डोळ्यांवर कापली, असे मी विचारत गेलो. एरवी अबोल असणारे वडील दुपारपर्यंत सांगत होते. वडील काय करतात, असे कॉलेजात कोणी विचारले, तर मी आजवर शेती करतात एवढेच म्हणून वेळ मारून नेत असे. आता मी सांगतो, ते छाटणी करतात. आणि कोणती फांदी राखावी, हे त्यांना कळते.