गोदीतला मास्टर बिल्डर : जमशेदजी वाडिया

आपल्या पिंपळगाव राजापासून समुद्र खूप लांब. इथे सागवान म्हटलं की दार-चौकटच आठवते. पण याच सागवानातून एका माणसाने मुंबईत ब्रिटिश आरमाराच्या युद्धनौका बांधल्या. तो म्हणजे जमशेदजी बमनजी वाडिया!

जन्म १७५४ चा. आजोबा लवजी १७३६ मध्ये सुरतहून मुंबईला जहाजं बांधायला आले. एवढ्या घराण्यातला असूनही जमशेदजींनी गोदीत आधी साध्या सुताराचं काम केलं. १७९२ मध्ये चुलतभाऊ फ्रामजींसोबत ते मास्टर बिल्डर झाले.

तेव्हा युद्धनौकेला हादरे दोन्हीकडून बसत. बाहेरून शत्रूचा गोळा, आतून स्वतःच्याच तोफेचा धक्का. ओकच्या लाकडाच्या ढलप्या उडून खलाशी मरत. साग त्या मानाने कमी फुटतो, असा लौकिक होता. शिवाय ओकमधल्या आम्लाने लोखंडी बोल्ट गंजतात, सागात टिकतात. बोल्टच ढिला असेल तर धक्का सोसणार कोण?

अडीच-तीन टनांची तोफ चाकांच्या गाड्यावर ठेवून जाड दोराने जहाजाच्या बाजूला बांधत. डागली की ती मागे सरकायची, दोर ताणला जायचा आणि धक्का जिरायचा. तोफ घट्ट जखडली तर सगळा जोर बोल्टवरच!

जमशेदजींनी १८०५ मध्ये बांधलेली फ्रिगेट पुढे 'सॅलसेट', म्हणजे आपली साष्टी, या नावाने १८०८-०९ च्या हिवाळ्यात बाल्टिकच्या बर्फात अडकली, पण वाचली. १८१० मध्ये ७४ तोफांची 'मिंडेन' आणि १८१७ मध्ये 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरली. १८२१ मध्ये जमशेदजी गेले.

दुसऱ्या महायुद्धात पाण्याखालच्या सुरुंगांनी पुढचा धडा दिला. जहाजाला भोक पडलं नाही तरी आतले बिडाचे भाग तडकायचे, यंत्रं बंद पडायची आणि जहाज निकामी व्हायचं. म्हणून आता युद्धनौकेवर ठिसूळ बीड टाळतात आणि नाजूक यंत्राखाली शॉक माउंट देतात. त्यातले काही तर तारेच्या दोराचेच असतात!

'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनो, व्हायब्रेशनचा पेपर अवघड वाटला की या सुताराला आठवा. मटेरियल नीट निवडा, जोड पक्का करा आणि धक्क्याला जिरायला थोडी जागा द्या!