रोह्याचे चिंतामणराव : मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारे कुलाब्याचे पहिले खासदार

रोहा (प्रतिनिधी) : रोह्याच्या कॉलेजच्या पाटीवर डॉ. सी. डी. देशमुख हे नाव रोज शेकडो पोरं वाचतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर एवढी एक ओळ बहुतेकांना ठाऊक असते, स्पर्धा परीक्षेला तो प्रश्न येतो म्हणून. पण हा माणूस आपल्या जिल्ह्याचा खासदार होता, पेण, रोहा, अलिबागच्या मतदारांनी त्यांना दिल्लीला धाडलं होतं, आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं, ही गोष्ट आता कमी लोकांना माहीत आहे. पुढे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही त्यांचं नाव असं काही अडकलं की ती मोजणी आजही अभ्यासली जाते.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याच्या पायथ्याकडचं महाड तालुक्यातलं नाते हे गाव. वडील वकील, आई भागीरथीबाई. बालपण रोह्यात गेलं. जमीनजुमला असलेलं घर, पण मुलगा पुढे गेला तो अभ्यासावर. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिला नंबर आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. तिथून विलायतेत केंब्रिजला. तिथे वनस्पतिशास्त्राचं बक्षीस, आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही पहिला नंबर. म्हणजे खाडीकाठच्या एका गावातला मुलगा साहेबाच्या परीक्षेत साहेबाच्या पुढे गेला.

नोकरी मिळाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. तिथे त्यांनी कारभार केला, हिशेब बघितले, कायद्याची कलमं वापरली. १९३१ मध्ये ते लंडनला होते तेव्हा दुसरी गोलमेज परिषद भरली. गांधीजी, डॉ. आंबेडकर त्या परिषदेला होते. देशमुखांनी तिथे सचिव म्हणून काम केलं. मताचा हक्क कोणाला द्यायचा, राखीव जागा कशा ठेवायच्या, प्रांतांना किती अधिकार असावा, या सगळ्यावर तिथे खल चालला होता. त्यातून पुढे १९३५ चा कायदा आला. त्या कायद्याने मत दिलं खरं, पण सगळ्यांना नाही. शेतसारा किती भरता, घरभाडं किती, शिकलात किती, असल्या अटी होत्या. कुळं, मजूर, घरातल्या बायका, बहुतेक सगळे बाहेरच राहिले.

रिझर्व्ह बँकेतली त्यांची कारकीर्द मोठी आहे, पण इथे थोडक्यात सांगायची. १९४३ च्या ऑगस्टमध्ये ते गव्हर्नर झाले, १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेले, फाळणीत बँकेच्या पैशाची वाटणी त्यांच्याच काळात झाली, आणि १९४९ च्या १ जानेवारीला बँक सरकारच्या मालकीची झाली तेव्हाही खुर्चीवर तेच होते. इंग्रजांनी त्यांना सर किताब दिला होता. नोटांवर त्यांची सही असायची.

१९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. त्याच वर्षी २६ जानेवारीला राज्यघटना लागू झाली होती. घटनेचा नियम असा की मंत्री व्हायला आधी निवडून यावंच लागतं असं नाही, पण सहा महिन्यांत संसदेचं सभासद व्हावं लागतं. तेव्हाची संसद हंगामी होती, लोकांच्या मतावर आलेली नव्हती. त्यामुळे चिंतामणरावांनी आयुष्याच्या पंचावन्न वर्षांत एकदाही मतदारापुढे हात जोडले नव्हते. ते जोडायची वेळ १९५१-५२ मध्ये आली.

ती पहिली सार्वत्रिक निवडणूक. घटनेच्या ३२६ व्या कलमाने सगळा नकाशाच बदलला. २१ वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला मत. सातबारा असो नसो, सही येवो न येवो. देशात सतरा कोटींवर मतदार झाले. (१८ वर्षांची अट नंतरची, १९८९ ची.) वाचता न येणारे मतदार जास्त, म्हणून निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सोपी युक्ती काढली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. शिक्का मारायचा नाही, काही लिहायचं नाही. एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका घ्यायची आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. काँग्रेसची निशाणी बैलजोडी. शेतकऱ्याला ती काय वेगळी समजावून सांगायची!

देशमुख काँग्रेसतर्फे कुलाबा मतदारसंघातून उभे राहिले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा, रायगड हे नाव १९८१ ला आलं. रोह्याला रेल्वे नव्हती, ती यायला आणखी तीसेक वर्षं होती. आणि हा जिल्हा काँग्रेसला सोपा नव्हता. नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली चरीचा शेतकऱ्यांचा संप इथेच झाला होता, १९३३ पासून सहाएक वर्षं लोकांनी खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. खारेपाटात, पेणच्या मिठागरांकडे आणि अलिबागच्या बाजूला लाल बावट्याला मानणारी घरं पुष्कळ. अशा ठिकाणी सर किताबवाला, केंब्रिजला शिकलेला अर्थमंत्री मत मागायला आला आणि निवडून गेला. आयुष्यात ते लोकांच्या मतावर निवडून आले ते एवढं एकदाच.

खासदार आणि मंत्री म्हणून त्यांनी कामं केली ती आजही आपल्या दारात आहेत. १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जानेवारी १९५६ ला विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, त्याची घोषणा देशमुखांनी रेडिओवरून केली. त्यातूनच एलआयसी झाली.

मधल्या काळात, १९५३ च्या जानेवारीत त्यांचं दुसरं लग्न झालं. पहिली पत्नी रोझिना इंग्रज होत्या, त्यांच्यापासून एक मुलगी. दुसऱ्या पत्नी दुर्गाबाई आंध्रच्या, घटना समितीच्या सभासद. राज्यघटना लिहिली गेली त्या सभागृहात ज्या मोजक्या बायका बोलल्या त्यांत दुर्गाबाई एक. त्या स्वतः १९५२ च्या निवडणुकीत हरल्या होत्या. घटना घडवणारी बाई हरली आणि जन्मभर अधिकारी राहिलेला नवरा निवडून आला, मतपेटीचा हिशेब असा असतो.

आता मुख्य प्रकरण. एलआयसीची घोषणा झाली त्याच्या तीनच दिवस आधी, १६ जानेवारी १९५६ ला, नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई शहर महाराष्ट्रालाही नाही आणि गुजरातलाही नाही, ते केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. आधी नोव्हेंबरमध्येही गोळीबार झाला होता. या लढ्यात शंभराहून जास्त माणसं गेली, हुतात्मा चौक त्यांच्याच नावाचा. कुलाबा जिल्ह्याला मुंबई म्हणजे परकं शहर नव्हे. इथल्या दर दुसऱ्या घरातला माणूस गिरणीत किंवा गोदीत. खाडी ओलांडली की मुंबई.

घटनेच्या ३ ऱ्या कलमात लिहिलंय की राज्याच्या सीमा बदलायच्या तर संसद साध्या बहुमताने बदलू शकते. राज्याच्या विधानसभेचं मत मागवायचं, पण ते ऐकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. त्यातही १९५५ च्या डिसेंबरात पाचवी घटनादुरुस्ती करून विधानसभेने किती दिवसांत मत कळवायचं याला मुदत घालता येईल अशी सोय केली होती. म्हणजे कागदावर दिल्लीचा अधिकार पक्का होता. त्यावर नुसती घोषणा देऊन भागत नव्हतं.

देशमुखांनी बोट ठेवलं ते दुसऱ्या जागी. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकपणे जबाबदार असतं, असं घटनेचं ७५ वं कलम सांगतं. सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं. मग एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता पंतप्रधानांनी कसा जाहीर केला, हा त्यांचा सवाल. दुसरी मागणी, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी. ती झाली नाही. नेहरूंनी त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही, निर्णय रीतीला धरूनच झाला अशी त्यांची बाजू होती.

जानेवारीतच त्यांनी राजीनामा देऊ केला होता. तो बाजूला ठेवला गेला. मधे बजेट आलं, ते त्यांनी मांडलं. सहा महिने ते का थांबले, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न वाजवी आहे. गोळ्या जानेवारीत झाडल्या आणि खुर्ची जुलैत सुटली. पण जूनमध्ये नेहरूंनी मुंबई केंद्राकडेच राहणार असं पुन्हा सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी माघार घेतली नाही. २५ जुलै १९५६ ला लोकसभेत उभं राहून त्यांनी आपलं निवेदन केलं. कारण सांगितलं, दोष कोणाचा ते सांगितलं, सगळं सभागृहाच्या नोंदीत गेलं. आजकाल मंत्री सोडून जातो तो सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात शपथेला दिसतो. चिंतामणराव कुठेच गेले नाहीत. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या गाडीवर चढून नेते झाले नाहीत, लोकसभेला पुन्हा उभेही राहिले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांतच दिल्लीने विचार बदलला आणि मुंबईसह मोठं द्विभाषिक राज्य केलं. ते १ नोव्हेंबर १९५६ पासून चालू झालं. फक्त राजीनाम्याने हे झालं असं म्हणणं खोटं ठरेल. रस्त्यावर लढणारे लोक होते, समिती होती, आणि लोकसभेतल्या खासदारांनी घडवलेली तडजोड होती. पण देशाचा अर्थमंत्री जातो, तेव्हा दिल्लीला ऐकू जातं. १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याने बैलजोडी सोडून शेकापचा खासदार निवडला. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला, मुंबईसह.

पुढे देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये त्यांनी आणखी एक विषय काढला. मंत्र्यांवर भ्रष्टाचाराच्या तक्रारी आल्या तर त्या ऐकायला कायमचं न्यायमंडळ असावं. सरकारने ते मनावर घेतलं नाही. लोकपालचा कायदा व्हायला त्यानंतर ५४ वर्षं लागली.

१९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरींकडे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने उभं केलं सी. डी. देशमुखांना. एकूण उमेदवार १५. या निवडणुकीत आपण मत देत नाही, खासदार आणि आमदार देतात. तिथे एकच बटण दाबायचं नसतं. आवडीच्या क्रमाने १, २, ३ असे आकडे लिहायचे. अर्ध्याहून जास्त मतं कोणालाच नसतील तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांना वाटल्या जातात. असं करत करत एकजण अर्ध्याच्या पुढे जातो.

२० ऑगस्टला मोजणी झाली. लागणारी मतं ४,१८,१६९. गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. (एका खासदाराच्या मताची किंमत शेकड्यात धरतात, म्हणून आकडे एवढे मोठे.) पहिल्या फेरीत कोणीच निवडून आलं नाही. एकेक उमेदवार बाद होत शेवटी देशमुखांचा गठ्ठा फोडला. त्यातली बरीचशी मतं रेड्डींकडे गेली, तरी गिरींना लागणारी थोडीशी मतं मिळाली. शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. दुसऱ्या पसंतीवर राष्ट्रपती ठरला तो भारताच्या इतिहासात आजवर एकदाच. आणि ज्यांच्या मतपत्रिकांवर शेवटची मोजणी टेकली होती ते हरलेले उमेदवार रोह्याचे होते.

त्या वेळी १५ जणांपैकी काहींच्या खात्यात एकही मत पडलं नव्हतं. तेव्हा एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की राष्ट्रपतिपदाचा अर्ज भरता येत असे. १९७४ मध्ये नियम कडक झाला, दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार अनामत. १९९७ पासून ते पन्नास-पन्नास आणि पंधरा हजार आहे.

१९७४ लाच चिंतामणरावांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं, १९७५ मध्ये पद्मविभूषण. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं होतं, आणि स्वतः संस्कृतात कविताही करत. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या. चिंतामणरावांचं निधन २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला झालं. त्यांना निवडून देणाऱ्या कुलाब्याचं नाव तेव्हा रायगड झालं होतं.