कैलाशचंद्रांची जीप आणि पुढचा डिफरन्शियल

समजा, तुम्ही चौघा मित्रांनी पैसे काढून एक जुनी जीप घेतलीय. टायर झाले, हूड झालं, आता वाद पेटलाय तो पुढच्या डिफरन्शियलवरून. एक म्हणतो लॉकर टाकू, दुसरा म्हणतो लिमिटेड स्लिप, तिसऱ्याने भंगारवाल्याकडे अख्खा अ‍ॅक्सल हेरून ठेवलाय आणि चौथा बिचारा बजेट जुळवतोय. पडघ्यात राहणाऱ्यांना हा शौक का लागतो, हे वेगळं सांगायला नको. एका बाजूला गुळगुळीत मुंबई-नाशिक हायवे, आणि गोदामांची रांग ओलांडून आत वळलं की पावसाळ्यात नुसता चिखल.

तर या वादात पडण्याआधी एका माणसाची गोष्ट वाचा. त्यांचं आडनाव त्या जीपच्या मागे लिहिलेलंही असेल. कैलाशचंद्र महिंद्रा. गंमत म्हणजे ते इंजिनीअर नव्हते.

कोण होते हे केसी?

जन्म १८९४चा, पंजाबातल्या लुधियानाचा. घरात नऊ भावंडं. वडील लवकर गेले आणि संसाराचा भार थोरल्या जगदीशचंद्रांवर आला. हे जगदीशचंद्र आपल्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेले, पुढे टाटा स्टीलमध्ये मोठ्या पदावर पोचलेले. कैलाशचंद्रांची वाट निराळी. लाहोरचं गव्हर्नमेंट कॉलेज, मग केंब्रिज, मग कलकत्त्यात मार्टिन कंपनीत नोकरी. त्या कंपनीचे सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचं चरित्र त्यांनी १९३३मध्ये लिहिलं. म्हणजे लोखंडाशी संबंध होता, पण हातात पाना नव्हता, लेखणी होती.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, सरकारने त्यांना अमेरिकेत इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून पाठवलं. हिंदुस्थानला लागणारी सामग्री तिथून मिळवायची, हे काम. अमेरिकेचे कारखाने तेव्हा रात्रंदिवस एक छोटी, उघडी, चौकोनी गाडी बनवत होते. तीच ही जीप.

४९ दिवसांची गाडी

जीपचा जन्मही डिफरन्शियलच्या निवडीपाशीच अडला होता. १९४०च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलकी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मागितली आणि नमुना द्यायला दिले फक्त ४९ दिवस. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या इंजिनीअरला गाठलं. इंजिन, गिअरबॉक्स बाजारात तयार मिळत होते. अडचण होती ती पुढच्या अ‍ॅक्सलची. पुढची चाकं वळायलाही हवीत आणि त्यांना ताकदही मिळायला हवी. एवढ्या हलक्या गाडीसाठी असा अ‍ॅक्सल तयार मिळेना.

प्रोब्स्टने टोलेडोच्या स्पायसर कंपनीचं दार ठोठावलं. नवा अ‍ॅक्सल शून्यातून घडवायला वेळ कुठे होता? स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या प्रवासी कारचा अ‍ॅक्सल घेतला आणि तोच जीपसाठी बदलून घेतला. नमुना २३ सप्टेंबर १९४०ला वेळेत पोचला. पुढे मोठी ऑर्डर मिळाली ती विलीज आणि फोर्डला. विलीजचे मुख्य इंजिनीअर बार्नी रूस यांनी आपलं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन त्यात बसवलं. महायुद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

जुन्या जीपखाली वाकून पाहा. पुढच्या डिफरन्शियलचा गोळा मध्यभागी नाही, एका बाजूला सरकवलेला आहे. प्रोपेलर शाफ्ट इंजिनच्या बाजूने जावा आणि इंजिन उगाच उंच चढवावं लागू नये, म्हणून ही सोय.

याच बार्नी रूस यांच्याशी कैलाशचंद्रांची अमेरिकेत भेट झाली आणि तिथेच भारतात जीप आणायचं बीज पडलं, असं सांगतात. एक गोष्ट मात्र नक्की. ही गाडी भारताच्या कामाची आहे हे त्यांनी हेरलं. त्या काळी देशातल्या बहुतेक गावांपर्यंत डांबरी रस्ता पोचलेलाच नव्हता.

तिसरा एम

२ ऑक्टोबर १९४५ला मुंबईत कंपनी सुरू झाली. नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. दोघे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाच्या व्यापाराचा. कैलाशचंद्रांची पन्नाशी तेव्हा उलटली होती. करिअर बावीस-तेविसाव्या वर्षीच ठरून जायला हवं, या टेन्शनमध्ये असाल तर हा आकडा लक्षात ठेवा.

दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. दोन एम तसेच राहिले, माणूस मात्र सीमेपलीकडे गेला. १९५५च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला पाहुणे म्हणून दिल्लीत आले होते ते हेच गुलाम मोहम्मद.

या सगळ्या धामधुमीत जीपचं काम पुढे सरकत होतं. विलीजशी करार झाला. अमेरिकेतून सुट्या भागांची खोकी आली आणि पहिल्या ७५ जीप मुंबईत माझगावला जोडल्या गेल्या. १९५१मध्ये जगदीशचंद्र गेले. त्यानंतर १९६३मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत कैलाशचंद्रांनी कंपनी सांभाळली. विलीजचं सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८मध्ये बंद झालं, पण आपल्याकडे महिंद्रा त्याच साच्याच्या जीप पुढेही कित्येक वर्षं बनवत राहिली. पोलीस, वनखातं, धरणांची कामं, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे तीच. पडघ्यावरून जाणारा जुना मुंबई-आग्रा रस्ता पुढे इगतपुरी आणि नाशिकला जातो, आणि या दोन्ही ठिकाणी आज महिंद्राचे कारखाने आहेत.

आता तुमचा वाद मिटवू

आधी डिफरन्शियल करतो काय ते बघू. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जखडली तर एक घासटत जाईल. डिफरन्शियल त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलची खोड अशी की तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात फुकट फिरू लागलं की त्याला लागतो तेवढाच थोडासा जोर दुसऱ्याच्या वाट्याला येतो. गाडी जागच्या जागी.

यावर दोन उपाय. लिमिटेड स्लिप ही घसरण काही प्रमाणात आवरतो. लॉकर दोन्ही चाकं पूर्ण जखडतो, मग एक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. ऐकायला भारी वाटतं. पण पुढची चाकं वळणारी आहेत, हे विसरू नका. पुढे लॉकर लावून वळायला गेलात तर स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळच जायला बघते आणि सगळा ताण अ‍ॅक्सलच्या जॉइंटवर येतो. कसारा घाटाच्या वळणावर हा प्रयोग नको. म्हणून पुढे लॉकर हवाच असेल तर बटणाने किंवा लिव्हरने सुटणारा घ्या, आणि तो फक्त अडकल्यावर वापरा. आपोआप जखडणारा पुढच्या बाजूला नकोच. आणि एकच लॉकर परवडत असेल तर तो मागे टाका. चढावर वजन मागे जातं, तिथेच तो जास्त कामाला येतो.

दुसरी गोष्ट भंगारातल्या अ‍ॅक्सलची. जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. फोर-व्हील टाकलं की ट्रान्सफर केस दोघांना एकत्र बांधतो. म्हणूनच कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये गाडी पळवायची नाही. आणि म्हणूनच दोन्हीकडचं गुणोत्तर सारखं लागतं. सीजे-३बीमध्ये ते ५.३८, म्हणजे क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. युद्धकाळातल्या जीपमध्ये ४.८८, म्हणजे ३९ आणि ८. नंतरच्या मॉडेलांत आकडे बदलत गेले. पुढे एक आणि मागे दुसरं गुणोत्तर बसवलंत, तर फोर-व्हील टाकताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतील आणि ट्रान्सफर केस किंवा जॉइंट तरी तुटेल. स्वस्तात मिळालेला अ‍ॅक्सल असा महागात पडतो. त्यामुळे घेण्याआधी दात मोजा. आणि गोळा कोणत्या बाजूला आहे तेही बघा, कारण तुमच्या ट्रान्सफर केसचा शाफ्ट त्याच बाजूला उतरायला हवा.

तिसरी गोष्ट कागदांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. अ‍ॅक्सलला हात लावण्याआधी आरटीओत विचारा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच काढेल.

कारखान्याने पुढे ओपन डिफरन्शियल दिला तो कंजूषपणाने नाही. जीप चिखलात जाणार होती तशी बाजारातही जाणार होती, आणि चालवणारा दर वेळी फौजीच असेल असं नव्हतं. आजच्या थारमध्येसुद्धा लॉक होणारा यांत्रिक डिफरन्शियल मागे मिळतो. पुढे घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवला जातो.

कैलाशचंद्रांच्या नावाचा एज्युकेशन ट्रस्ट १९५३मध्ये सुरू झाला. परदेशात उच्च शिक्षणाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तो बिनव्याजी कर्जाच्या रूपात शिष्यवृत्ती देतो. तुमच्यापैकी काहींना जीपपेक्षा ही माहिती जास्त उपयोगी पडेल.

बाकी चौघांच्या वादाचं म्हणाल, तर कैलाशचंद्रांनी ज्या क्रमाने विचार केला तोच लावून बघा. त्यांनी आधी देशातले रस्ते पाहिले, मग गाडी निवडली. तुमची जीप महिन्यातले अठ्ठावीस दिवस कॉलेजला जाणार असेल आणि दोनच दिवस माहुलीच्या पायथ्याला, तर पुढचा ओपनच ठेवा. त्याचं ऑइल बदला, सील तपासा, जॉइंटला ग्रीस भरा. उरलेल्या पैशात चांगले टायर आणि ओढायला एक मजबूत पट्टा येईल.