प्रतीक्षेची भागीदारी

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत भागीदारीची ओळख नफातोट्याच्या वाटणीवरून करून दिली जाते. व्याख्या म्हणून ती बरोबरच आहे. परंतु कारागिराच्या धंद्यात नफ्याचा किंवा तोट्याचा प्रश्न येण्यापूर्वी एक निराळाच प्रश्न उभा राहतो. वस्तू तयार झाली आहे आणि गिऱ्हाईक अजून आलेले नाही, या मधल्या काळात घर कोणी चालवायचे? सोलापूरचा विणकर असो की माळशिरस तालुक्यातील श्रीपूर परिसरातला सुतार-लोहार असो, त्याचे कौशल्य बहुधा उणे नसते. त्याला थांबणे परवडत नाही, एवढेच. म्हणून तो मिळेल त्या भावाला माल देऊन मोकळा होतो, आणि थांबण्याची ऐपत असलेला व्यापारी त्याच मालावर श्रीमंत होतो. हा मधला काळ दोघा भावांनी वाटून घेतला तर काय घडू शकते, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पांढरपेशा घरातील मुलाने शिकावे, परीक्षा द्यावी आणि सरकारी खुर्ची मिळवावी, असा तो काळ होता. या मुलाचे मन मात्र पुस्तकापेक्षा चित्रात आणि यंत्रात रमे. 1885 च्या सुमारास ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही काळाने लक्षात आले, की काही रंगांतला भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने हा निकालच होता. पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणराव यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. वर्गात शिकवावे आणि कार्यशाळेत यंत्रे खोलून पुन्हा जोडावीत, असा त्यांचा क्रम असे.

याच काळात त्यांनी आणि त्यांचे वडील बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा आरंभ 1888 चा मानला जातो. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घेऊन पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी बेळगावात त्या विकाव्यात, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावे, अशी कामाची विभागणी होती. वरवर साध्या दिसणाऱ्या या व्यवस्थेत मोठे व्यवहारज्ञान होते. एका भावाचा पगार चालू असल्यामुळे दुसऱ्या भावाचे दुकान हा जुगार ठरत नव्हता. पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. तेव्हा ते राजीनामा देऊन बेळगावला परतले. परतण्यासारखे काहीतरी आधीच उभे केलेले असल्यामुळे तो स्वाभिमान त्यांना परवडला, हे विसरून चालणार नाही.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर. नांगराची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. लोखंडाने जमिनीत विष भिनते, या समजुतीने शेतकरी त्याला हात लावीना. जवळजवळ दोन वर्षे नांगर पडून राहिले. या दोन वर्षांकडे आपण जिद्दीची कथा म्हणून पाहतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहावे. लोखंड, कोळसा आणि मजुरी यांत पैसा अडकला आहे, परतावा शून्य आहे. एकटा कारागीर अशा वेळी भट्टी विझवून नोकरी शोधतो. येथे इतर कामांचा आधार होता आणि विश्वासाचा भाऊ पाठीशी होता, म्हणून नांगराला गिऱ्हाईक येईपर्यंत भट्टी पेटती राहिली.

मग नगरपालिकेने जागा सोडायला लावली. त्या संकटात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ओसाड जमीन आणि 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. बिनव्याजी कर्ज म्हणजे तरी काय? प्रतीक्षेचा भार उचलणारा आणखी एक खांदाच तो. 1910 मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी पाहिला. शंभोराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शाळा अर्धवट सोडलेले परंतु यंत्रांत असामान्य गती असलेले अनंतराव फळणीकर असे सहकारी जमले. नांगरांबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप बाहेर पडू लागले. 1920 मध्ये या भागीदारीचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव निवर्तले, तेव्हा एका छंदाचे उद्योगसमूहात रूपांतर झालेले होते.

या चरित्राला मर्यादाही आहेत. संस्थानिकाचा आश्रय प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. मालकी मुख्यतः कुटुंबातच राहिली. आणि भावाभावांतला विश्वास हा काही कायद्याने निर्माण करता येत नाही. किंबहुना भाऊबंदकीत बुडालेले धंदे आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

म्हणूनच आज हातात कला असलेल्या तरुणाने मैत्रीच्या भरात भागीदारी करण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर आणाव्यात. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या पेढीला करारभंगाबद्दल इतरांवर दावा लावता येत नाही. साध्या भागीदारीत पेढीच्या कर्जासाठी भागीदाराचे राहते घरही धोक्यात येऊ शकते. 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी शक्य केली आहे, तिचा विचार अवश्य करावा. आणि करारपत्रात नफ्याच्या टक्केवारीच्या आधी एक कलम असावे: विक्री होत नसेल त्या महिन्यांत कोण किती भार उचलील आणि किती काळ. या प्रश्नावर जे दोघे आरंभीच मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, त्यांनी एकत्र धंदा न काढता नुसती मैत्री टिकवावी, हे अधिक शहाणपणाचे.