भास्कराचार्यांचे पाऱ्याचे चाक

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच नोंदवून ठेविले आहे. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड. ते विजापूर, असे आमच्या कन्नड विभागातील मित्र ठासून सांगतात. मराठी विभागातील मंडळी चाळीसगावजवळचे पाटण किंवा बीड पुढे करतात. कमलनगरला बसून हा वाद मिटणार नाही. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण झाला. 'लीलावती' त्याचाच एक भाग. लीलावतीच्या हुकलेल्या लग्नमुहूर्ताची गोष्ट मात्र फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतराबरोबर आलेली. ती मी चरित्रात धरीत नाही.

मला सांगावयाचे आहे ते याच ग्रंथाच्या यंत्राध्यायातील एका चाकाविषयी. हलक्या लाकडाचे चाक घ्यावे, त्याला सारख्या अंतरावर पोकळ व किंचित वाकलेले आरे बसवावेत, प्रत्येकात अर्धा पारा भरून तोंड बंद करावे. आसावर चढविले की चाक आपोआप फिरत राहते, असे आचार्य म्हणतात. ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच असे चाक वर्णिले होते. आजही कोणी भाषणात ते इंधनावाचून चालणारे यंत्र म्हणून मिरवितात, तर कोणी संकोचाने ते पान उलटतात. मला दोन्ही पटत नाही. टॉर्क शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

युक्ती अशी की उतरत्या बाजूस पारा परिघाकडे सरकतो, चढत्या बाजूस आसाकडे. लांबच्या वजनाचा जोर जास्त, तेव्हा चाक फिरलेच पाहिजे! आमचे विद्यार्थी नेमके येथेच फसतात, कारण भुजा म्हणजे आऱ्याची लांबी असे ते धरून चालतात. भुजा म्हणजे आसापासून बलाच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर. आऱ्याच्या टोकाशी १ मीटरवर १ किलो पारा आहे असे माना. आरा आडवा असताना भुजा १ मीटर. तो क्षितिजाखाली ६० अंश उतरला की अर्धा मीटर. आरा सरळ खाली लोंबला की शून्य. पारा टोकाशीच आहे, पण वजनाची रेषा आसातूनच जाते. अशी प्रत्येक आऱ्याची बेरीज केली की एक स्थिती सापडते, जेथे एका बाजूचा दूरचा पण थोडा पारा आणि दुसऱ्या बाजूचा जवळचा पण जास्त पारा यांचे टॉर्क तुल्य होतात. चाक थोडे झुलून तेथे थांबते. हाताने गती दिली तरी पूर्ण फेऱ्यात पारा जितका उतरतो तितकाच चढवावा लागतो, आणि आसाचे घर्षण उरलेली गती खाते.

चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. ६० अंशांचा तो अर्धा म्हणजे कोज्या. आणि ज्या-कोज्या तर भास्कराचार्यांच्या हातचा मळ! दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत याच ग्रंथाच्या ज्योत्पत्तीत आहे. ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचारही त्यांनी ज्येच्या आधारेच केला. तोच हिशेब त्यांनी आकाशातून उतरवून या चाकाला लाविला नाही. पूर्वाचार्यांचा आदर आड आला असावा, असे माझे मत. युरोपातही हा नाद सुटावयास पुष्कळ काळ लागला. असल्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही, असे पॅरिसच्या अकादमीने ठरविले ते १७७५ मध्ये.

उत्तरायुष्यात, ११८३ च्या सुमारास, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव दोघेही देवगिरीच्या यादवांच्या पदरी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चांगदेवाने पाटण येथे मठ काढविला. १२०७ चा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृत, पण मठाच्या उत्पन्नाचा भाग जुन्या मराठीत आहे. गावात चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावयाचे, असे त्यात आहे. तो घाणा मात्र आपोआप फिरत नव्हता; त्याच्या लांब लाटेच्या टोकाला बैल जुंपावा लागे.